नव्या फोनला रेंज कमी का मिळते आणि दोष कोणाचा हे कसे ओळखावे

नव्या स्मार्टफोनमध्ये जुन्या फोनचे सिम घातले आणि ज्या खोलीत कालपर्यंत विनासायास बोलता येत होते तिथेच रेंज जाऊ लागली, तर बहुतेक जण दोनपैकी एका निष्कर्षावर येतात: फोन सदोष आहे, किंवा मोबाइल कंपनीचे नेटवर्क बिघडले आहे. दोन्ही शक्यता खऱ्या असू शकतात; परंतु मिळणारी रेंज ही प्रत्यक्षात चार गोष्टींवर ठरते. फोनमधला अँटेना व मोडेम (टॉवरशी संपर्क साधणारी चिप), सिम आणि त्याची सेटिंग, जवळच्या टॉवरवर चालू असलेले वारंवारतेचे पट्टे, आणि आपण उभे आहोत ती जागा. यांपैकी कोणती गोष्ट नडते आहे हे न पाहता केलेले उपाय, म्हणजे फोन पुन्हा पुन्हा बंद-चालू करणे किंवा सिम काढून पुसून परत बसवणे, कधी लागू पडतात आणि बरेचदा फक्त वेळ खातात. हा वेळ मोलाचा असतो, कारण फोन बदलून देण्याची विक्रेत्याची मुदत सहसा थोड्याच दिवसांची असते आणि ती उलटली की ग्राहकाच्या वाट्याला दुरुस्ती केंद्राच्या खेपा येतात.

दांड्यांऐवजी आकडा पाहावा

पडद्याच्या कोपऱ्यात दिसणाऱ्या चार-पाच दांड्या हे मोजमाप नव्हे. किती क्षमतेचा सिग्नल आला की किती दांड्या दाखवायच्या याचा सर्व कंपन्यांना बांधील असा कोणताही नियम नाही. प्रत्येक फोननिर्माता ते आपल्या सोयीने ठरवतो. त्यामुळे एकाच टेबलावर शेजारी शेजारी ठेवलेल्या दोन फोनांपैकी एकावर चार आणि दुसऱ्यावर दोन दांड्या दिसत असल्या, तरी दोघांना पोहोचणारा सिग्नल सारखाच असू शकतो. या प्रकाराचे सर्वांत गाजलेले उदाहरण २०१० सालचे आहे. आयफोन ४ हातात विशिष्ट तऱ्हेने धरला की दांड्या धडाधड खाली येतात अशी ओरड झाली, तेव्हा अॅपलने जुलै २०१० मध्ये जाहीर कबुली दिली की दांड्या दाखवण्याचे आपले सूत्रच पूर्णपणे चुकीचे होते आणि कित्येक ठिकाणी फोन प्रत्यक्षापेक्षा दोन दांड्या जास्त दाखवत होता. अर्थात त्या फोनच्या धातूच्या कडेत बसवलेल्या अँटेनाला हाताच्या स्पर्शाने अडथळा होत होता, हेही खरेच होते. पुढे कंपनीला ग्राहकांना मोफत कव्हर द्यावी लागली. सूत्राची चूक आणि अँटेनाची चूक एकाच वेळी हजर होती, आणि केवळ दांड्या पाहून त्या दोन्ही वेगळ्या करता येत नव्हत्या.

खरा आकडा फोनमध्येच असतो आणि तो डीबीएम या एककात लिहिलेला असतो. बहुतेक अँड्रॉइड फोनांत सेटिंगमधील फोनविषयीच्या माहितीत सिमची स्थिती पाहिली की सिग्नलची क्षमता दिसते. अनेक फोनांत डायल पॅडवर *#*#४६३६#*#* दाबल्यास, सॅमसंगच्या बऱ्याच फोनांत *#००११# दाबल्यास, आणि आयफोनवर *३००१#१२३४५#* डायल केल्यास अधिक तपशील उघडतो. हा आकडा नेहमी उणे असतो आणि तो शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. ४जी सेवेसाठी ढोबळ मानाने उणे ८० किंवा त्याहून बरा आकडा उत्तम समजावा. उणे ९० ते उणे १०० दरम्यान सर्व व्यवहार नीट चालतात. उणे ११० च्या आसपास बोलणे तुटू लागते आणि उणे १२० च्या खाली फोनला जवळजवळ काहीच ऐकू येत नसते. हे मोजमाप साध्या बेरजेचे नाही. दर १० डीबीएमच्या फरकाला सिग्नलची शक्ती दहापट बदलते, म्हणून उणे ९० आणि उणे ११० यांतला फरक वीस अंकांचा दिसला तरी प्रत्यक्षात शंभरपट असतो.

इथे एक सापळा आहे. जुना फोन २जी नेटवर्कवर असताना उणे ८० दाखवत होता आणि नवा ४जीवर उणे १०५ दाखवतो, एवढ्यावरून नवा फोन वाईट ठरत नाही. २जीचा आकडा संपूर्ण वाहिनीची शक्ती सांगतो, तर ४जी आणि ५जीचा आकडा त्या रुंद पट्ट्यातल्या एका अरुंद संदर्भ-लहरीपुरताच असतो. त्यामुळे तो स्वभावतःच खूप खालचा येतो. तुलना करायची तर नेटवर्कचा प्रकार दोन्ही फोनांवर सारखाच असला पाहिजे.

एवढे ध्यानात घेतले की निदानाची मुख्य चाचणी सोपी आहे. तेच सिम, तीच जागा, तोच नेटवर्क प्रकार आणि काही मिनिटांच्या अंतराने दोन फोन. आधी जुन्या फोनवरचा आकडा लिहून ठेवावा, मग सिम नव्या फोनमध्ये घालून त्याच टेबलावर त्याच बाजूने ठेवून आकडा पाहावा. एका वाचनावर भिस्त ठेवू नये, कारण भिंतींवरून परावर्तित झालेल्या लहरी एकमेकींना कुठे बळ देतात तर कुठे खोडून काढतात. १८०० मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी जेमतेम १७ सेंटिमीटर असल्याने फोन वीतभर सरकवला तरी आकडा पाच-सहा अंकांनी हलतो आणि त्यात काही वावगे नाही. मात्र घरात, गच्चीवर आणि रस्त्यावर अशा निरनिराळ्या जागी, तोच पट्टा पकडलेला असताना, नवा फोन दर वेळी जुन्यापेक्षा दहा किंवा अधिक अंकांनी मागे पडत असेल, तर संशय फोनच्या अँटेनावर घेणे रास्त आहे आणि बदलून मागण्यासाठी हीच नोंद विक्रेत्यासमोर ठेवावी. ‘रेंज येत नाही’ ही तक्रार दुकानदार सहज झटकून टाकू शकतो. एकाच सिमची दोन फोनांवरची, तारीखवार आणि पडद्याच्या छायाचित्रांसह ठेवलेली नोंद झटकणे त्याला अवघड जाते.

पडद्यावर ‘फक्त आपत्कालीन कॉल’ असे शब्द येत असतील तर चित्र वेगळे असते. या संदेशाचा अर्थ फोनला कोणता ना कोणता टॉवर ऐकू येतो आहे, म्हणजे अँटेना सर्वस्वी निकामी नाही. परंतु आपल्या कंपनीच्या नेटवर्कवर त्या सिमची नोंद होत नाही. अशा वेळी दोष सिममध्ये, फोनच्या परदेशी कुलपात (म्हणजे फक्त तिथल्या एका कंपनीचेच सिम स्वीकारण्याच्या बंधनात), फोनचा आयएमईआय हा ओळख क्रमांक काळ्या यादीत गेल्यात, किंवा आपल्या कंपनीचा टॉवरच तिथे नसण्यात शोधावा. दुसऱ्या कंपनीचे सिम घालून पाहिले की यांतल्या निम्म्या शक्यता पाच मिनिटांत गळून पडतात.

कोणता पट्टा, कोणता फोन

मोबाइल कंपन्या एकाच वारंवारतेवर काम करत नाहीत. भारतात ४जीसाठी जिओ ८५०, १८०० आणि २३०० मेगाहर्ट्झचे पट्टे वापरते. एअरटेलकडे ९००, १८००, २१०० आणि २३०० चे पट्टे आहेत. व्होडाफोन आयडियाकडे ९००, १८०० आणि २१०० खेरीज २५०० मेगाहर्ट्झचाही पट्टा आहे, आणि बीएसएनएलच्या नव्या ४जी जाळ्याचा भर ७०० आणि २१०० वर आहे. कोणत्या कंपनीकडे कुठे किती पट्टा आहे हे परवाना क्षेत्रानुसार बदलते. मुंबई हे स्वतंत्र परवाना क्षेत्र असून उर्वरित महाराष्ट्र आणि गोवा मिळून दुसरे क्षेत्र होते, त्यामुळे दादरला उत्तम चालणारी कंपनी चिपळूणलाही तशीच चालेल असे गृहीत धरण्यात अर्थ नाही.

नियम असा की वारंवारता जितकी कमी तितकी लहर दूर जाते आणि भिंतीतून अधिक सहज आत शिरते. वारंवारता वाढली की वेग आणि क्षमता वाढवता येते, पण पल्ला घटतो. म्हणून ७००, ८५० आणि ९०० चे पट्टे खेड्यात आणि इमारतींच्या आतल्या खोल्यांत आधार देतात, तर २३०० आणि ३३०० चे पट्टे शहरातल्या गर्दीला पुरे पडतात. फोनच्या मोडेममध्ये एखादा पट्टा नसेल तर त्या पट्ट्यावरचा टॉवर घराच्या शेजारी असला तरी फोनच्या दृष्टीने तो अस्तित्वातच नसतो. भारतात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या फोनांत मुख्य पट्टे असतात. तरीही बीएसएनएल वापरणाऱ्यांनी खरेदीपूर्वी तपशीलपत्रिकेत बँड २८, म्हणजेच ७०० मेगाहर्ट्झचा ४जी पट्टा आहे ना, हे डोळ्यांत तेल घालून पाहावे. जिओने ७०० मेगाहर्ट्झचा पट्टा ५जीसाठी घेतला आहे आणि त्याला एन-२८ म्हणतात. फोनच्या पेटीवर एन-२८ लिहिलेले असले म्हणून ४जीचा बँड २८ असेलच असे नाही.

परदेशातून आलेल्या फोनांची गोष्ट स्वतंत्र आहे, आणि अमेरिकेत किंवा आखातात असलेल्या मुलाने आईवडिलांसाठी फोन आणणे मराठी घरांत इतके सर्रास आहे की त्यावर थोडे थांबायला हवे. अमेरिकेतल्या कंपन्या भारतात सर्वाधिक वापरला जाणारा १८०० चा पट्टा वापरत नाहीत. महागड्या फोनांत जगभरचे पट्टे एकत्र दिलेले असतात, पण केवळ तिथल्या एखाद्या कंपनीसाठी बनवलेल्या स्वस्त मॉडेलमध्ये आपल्याकडचा एखादा महत्त्वाचा पट्टा गाळलेला असू शकतो. हप्त्यांवर घेतलेला फोन त्या कंपनीच्या कुलपात बंद असतो आणि ते उघडल्याशिवाय भारतीय सिम स्वीकारत नाही. आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनांत सिम घालण्याची खाचच नाही. तिथे ई-सिम, म्हणजे फोनमध्येच बसवलेले आणि सॉफ्टवेअरने चालू होणारे सिम, तेवढेच चालते. जिओ, एअरटेल आणि व्होडाफोन आयडिया भारतात ई-सिम देतात, त्यामुळे मार्ग निघतो, मात्र बिघाडाच्या वेळी सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालून पाहण्याची वर सांगितलेली सोपी चाचणी अशा फोनवर करता येत नाही. चौथी अडचण व्होल्टीची. ४जी नेटवर्कवरून आवाज पाठवण्याची ही पद्धत प्रत्येक कंपनीकडे फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतंत्रपणे जुळवावी लागते. जिओकडे २०१६ साली सेवा सुरू झाल्यापासून २जी किंवा ३जी कधीच नव्हते, म्हणून ज्या फोनमध्ये जिओसाठी व्होल्टी चालत नाही त्यात इंटरनेट धावते आणि साधा कॉल मात्र लागत नाही. इतर कंपन्यांच्या सिमवर व्होल्टी बंद असेल तर कॉल सुरू होताच फोन २जीवर उतरतो आणि इंटरनेट थांबते. नवा फोन सुरू करताना व्होल्टीचे बटण चालू आहे ना, हे पाहण्याचा सल्ला क्षुल्लक वाटतो खरा, पण निम्म्याअधिक ‘कॉल लागत नाही’ प्रकारच्या तक्रारी तिथेच मिटाव्यात असा माझा अंदाज आहे.

भारतात ५जी सेवा १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली आणि तिचा मुख्य पट्टा ३३०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे एन-७८ आहे. आधीचा फोन ४जी आणि नवा ५जी, ही आजची सर्वसाधारण स्थिती. आणि नव्या फोनची रेंज कमी वाटण्याचे सर्वांत वरचेवर आढळणारे कारण हेच. नवा फोन ५जीला प्राधान्य देतो. रस्त्यावर त्याला ५जी बरा मिळतो, घरात शिरल्यावर ३३०० ची लहर भिंतींत अडते, फोन ४जीवर उतरतो, खिडकीजवळ येताच पुन्हा ५जीकडे धावतो. या सततच्या ये-जा करण्यात कॉल अडखळतात, बॅटरी उतरते, फोन तापतो आणि दांड्या वरखाली नाचत राहतात, तर जुना फोन बिचारा ८५० किंवा १८०० वर स्थिर बसलेला असतो. पसंतीचे नेटवर्क या सेटिंगमध्ये काही दिवस ४जी निवडून पाहावे. तेवढ्याने त्रास थांबला तर फोनमध्ये काही बिघडलेले नाही. आपल्या घरापर्यंत ५जी नीट पोहोचलेला नाही, एवढेच. ५जीच्या बाबतीत सॉफ्टवेअरही आड येऊ शकते: आयफोनमध्ये आवश्यक ते सर्व यंत्र असूनही भारतात ५जी चालू होण्यासाठी डिसेंबर २०२२ मधल्या आयओएस १६.२ या अद्ययावत आवृत्तीची वाट पाहावी लागली होती. म्हणून नव्या फोनवर प्रलंबित असलेले सॉफ्टवेअर अपडेट आधी उतरवून घ्यावे आणि मगच रेंजचा न्याय करावा.

हात, कव्हर आणि दोन सिम

आजच्या फोनांचे अँटेना कडांमध्ये, विशेषतः वरच्या आणि खालच्या टोकांना असतात. धातूच्या कडेवर ज्या बारीक प्लॅस्टिकच्या रेषा दिसतात त्या शोभेसाठी नसून अँटेनाचे भाग एकमेकांपासून वेगळे ठेवण्यासाठी असतात. माणसाच्या हातात पाणी आणि क्षार असल्याने तो लहरी शोषून घेतो. फोन आडवा धरून दोन्ही टोके मुठीत घेतल्यावर सिग्नल खाली येणारच. नवा फोन जुन्यापेक्षा मोठा किंवा लहान असेल तर पकड बदलते आणि बोटे नेमकी अँटेनावर येऊ शकतात. पातळ प्लॅस्टिक किंवा रबरी कव्हरने फारसा फरक पडत नाही, परंतु धातूची चौकट असलेले कव्हर, पाठीमागे चिकटवलेली धातूची अंगठी आणि गाडीतल्या चुंबकी स्टँडसाठी कव्हरच्या आत घातलेली लोखंडी पट्टी यांचा परिणाम मोजण्याइतका होऊ शकतो. कव्हर काढून आकडा पाहण्याला एक मिनिट लागते. याउलट बाजारात अँटेना वाढवणारे म्हणून जे स्टिकर मिळतात त्यांचा काडीचाही उपयोग नाही, कारण फोनच्या अँटेनाशी त्यांचा कसलाही विद्युत संबंध जुळत नाही.

दोन सिमच्या फोनांत आणखी एक गुंता असतो. बहुतेक फोनांत दोन्ही सिम प्रतीक्षेत असतात पण एका वेळी एकच प्रत्यक्ष संभाषण करू शकते. पहिल्या सिमवर बोलणे चालू असताना दुसऱ्या क्रमांकावर फोन करणाऱ्याला तो क्रमांक संपर्कक्षेत्राबाहेर असल्याचे ऐकवले जाते, आणि मग त्या दुसऱ्या कंपनीची रेंज वाईट असल्याचा समज पसरतो, जो निराधार असतो. फोनच्या जुन्या किंवा स्वस्त मॉडेलांत दुसऱ्या खाचेला कमी क्षमतेचे नेटवर्क दिलेले असायचे. आता ते क्वचित दिसते, तरीही सिमची अदलाबदल करून पाहायला हरकत नाही. सिम जर मोठ्या आकारातून कातरीने कापून लहान केलेले किंवा अनेक वर्षे वापरून झिजलेले असेल, तर कंपनीच्या दुकानातून नवे घ्यावे. मात्र ते केल्यानंतर २४ तास त्या क्रमांकावर एसएमएसची ये-जा बंद ठेवली जाते, त्यामुळे बँकेचे ओटीपी येणार नाहीत हे गृहीत धरून दिवस निवडावा.

टॉवर ऐकू येतो, पण टॉवरला आपण ऐकू येतो का

पडद्यावर रेंज पुरेशी दिसते, समोरच्याचा आवाज आपल्याला स्वच्छ येतो आणि तो मात्र ‘हॅलो, हॅलो’ करत राहतो, हा अनुभव अनेकांना असेल. आकड्यातून फक्त टॉवरकडून फोनकडे येणारा सिग्नल कळतो. उलट दिशेचा प्रवास त्यात मोजला जात नाही. टॉवरवरची यंत्रणा दहा-वीस वॅट आणि त्याहून अधिक शक्तीने प्रक्षेपण करते, तर ४जी फोनची कमाल शक्ती साधारण ०.२ वॅट असते. जत्रेतल्या ध्वनिक्षेपकावरून दिलेली सूचना मैदानाच्या टोकाला उभ्या असलेल्या माणसाला ऐकू येते, परंतु त्याने तिथून दिलेले उत्तर मंचावर पोहोचत नाही, तशी ही गत आहे. टॉवरवर मोठे आणि संवेदनशील अँटेना बसवून हे अंतर बरेचसे भरून काढलेले असते, तरी कडेच्या भागात आधी तुटतो तो जाणारा आवाज.

फोनची शक्ती वाढवून हा प्रश्न सोडवता येत नाही, कारण शरीरात शोषल्या जाणाऱ्या लहरींवर मर्यादा आहे. भारतात २०१२ पासून ती प्रति किलोग्रॅम १.६ वॅट, एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीवर मोजलेली, अशी आहे आणि *#०७# डायल केले की बऱ्याच फोनांवर त्या मॉडेलचा आकडा दिसतो. २जीचे जुने फोन ९०० मेगाहर्ट्झवर क्षणभराच्या झटक्यांत दोन वॅटपर्यंत प्रक्षेपण करत असत. दुर्गम वाडीवर आजोबांच्या बटणाच्या फोनला रेंज असते आणि नातवाच्या महागड्या स्मार्टफोनला नसते, यामागे कमी वारंवारता, २जीची थोडक्यात भागणारी गरज आणि ही अधिक शक्ती अशी तिन्ही कारणे आहेत. सिग्नल क्षीण असेल तिथे स्मार्टफोन कमाल शक्तीने प्रक्षेपण करत राहतो, म्हणून खेड्यावर गेल्यावर न वापरताही बॅटरी लवकर संपते.

जागेचा वाटा किती मोठा असतो हे महाराष्ट्रात वेगळे सांगायला नको. सह्याद्रीच्या कुशीत वसलेल्या गावांना डोंगरच आड येतो. २०२० च्या टाळेबंदीत सिंधुदुर्गातल्या कित्येक मुलांना ऑनलाइन वर्गासाठी डोंगरावर किंवा सड्यावर जावे लागले होते. जांभ्या दगडाची जाड भिंत, सळयांचे दाट जाळे असलेले काँक्रीट, पत्र्याचे छप्पर आणि कार्यालयांच्या काचांवरचा उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर, हे सगळे लहरी अडवतात किंवा परतवतात. उंच इमारतींत मात्र प्रश्न उलटा असतो. टॉवरचे अँटेना जमिनीवरच्या ग्राहकांसाठी खाली झुकवलेले असतात, त्यामुळे विसाव्या मजल्यावरच्या फोनला एकाच वेळी दूरदूरचे अनेक टॉवर थोडे थोडे ऐकू येतात. आकडा बरा दिसतो, पण त्या सिग्नलांचा एकमेकांत गोंधळ होऊन गुणवत्ता घसरते आणि फोन कोणत्याच टॉवरवर ठरत नाही. संध्याकाळच्या गर्दीत लोकलमध्ये भरल्या दांड्यांसह इंटरनेट ठप्प होते तेव्हा रेंज अपुरी नसते. एकाच टॉवरची क्षमता हजारोंत वाटली गेलेली असते. पावसाला दोष देण्याची रीतही तपासून घ्यावी लागेल. फोन वापरतो त्या वारंवारतांवर पावसाच्या थेंबांचा परिणाम नगण्य असतो. पावसाळ्यात टॉवर बंद पडतो तो वीज गेल्यावर त्याची बॅटरी संपल्याने, केबल तुटल्याने, किंवा दोन टॉवरांना जोडणाऱ्या उच्च वारंवारतेच्या दुव्यावर मुसळधार पावसाचा खरोखरच परिणाम झाल्याने.

काय करावे, काय करू नये

घरात ब्रॉडबँड असेल आणि घरातच रेंजचा त्रास असेल, तर इतर सर्व उपायांच्या आधी वाय-फाय कॉलिंग चालू करावे. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये ही सोय सुरू केली. नेहमीच्या क्रमांकावरून, नेहमीच्या डायलरने केलेला कॉल यात घरच्या वाय-फायमधून कंपनीपर्यंत जातो आणि देशांतर्गत कॉलसाठी वेगळा आकार पडत नाही. व्हॉट्सअॅपवरून बोलण्यापेक्षा हे वेगळे आहे, कारण पलीकडे साधा दूरध्वनी असला तरी चालतो. जाड भिंतींच्या घरातल्या वृद्धांसाठी इतका परिणामकारक आणि इतका दुर्लक्षित उपाय दुसरा नाही. बटण फोनच्या सिम किंवा कॉल सेटिंगमध्ये असते आणि अनेकदा मुळातच बंद असते.

विमान मोड काही सेकंद चालू करून बंद करण्याचा घरगुती उपाय खरोखर चालतो, कारण फोन धरून ठेवलेला टॉवर सहजासहजी सोडत नाही. थोडा बरा टॉवर दिसला तरी उगाच उड्या मारू नयेत म्हणून तशी योजनाच केलेली असते, आणि विमान मोडमुळे त्याला नव्याने शोध घ्यावा लागतो. हे दिवसातून अनेकदा करावे लागत असेल तर मात्र कारण दुसरे आहे. नेटवर्क सेटिंग मूळपदावर आणण्याचा पर्याय त्यापुढचा. त्याने वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोड्या पुसल्या जातात, आणि काही फोनांवर ई-सिमही पुसायचे का असे विचारले जाते, तिथे घाईने होकार देऊ नये.

सिग्नल बूस्टर म्हणून विकली जाणारी यंत्रे घेऊ नयेत. दूरसंचार विभागाने जुलै २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे की परवानाधारक कंपन्यांखेरीज कोणाही व्यक्तीने किंवा संस्थेने ती बाळगणे, विकणे किंवा वापरणे बेकायदा आहे. नियमामागे कारणही तसेच सबळ आहे: असे यंत्र सिग्नलबरोबर गोंगाटही वाढवते, आणि त्याचे आतले व बाहेरचे अँटेना एकमेकांना ऐकू लागले की शेजारच्या टॉवरवर सतत ओरड सुरू होते, ज्याने त्या परिसरातल्या सर्वांचेच कॉल तुटतात. एका फ्लॅटची रेंज वाढवण्यासाठी आळी वेठीला धरली जाते.

चाचणीत फोन निर्दोष ठरला आणि कंपनीचाच सिग्नल घराबाहेरही उणे ११० च्या खाली आढळला, तर १९८ क्रमांकावर तक्रार करून तिचा नोंदणी क्रमांक घ्यावा. समाधान न झाल्यास त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे जाता येते. ट्राय ही नियामक संस्था वैयक्तिक तक्रारी हाताळत नाही, पण ग्राहक आयोगाचा दरवाजा खुला आहे, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दूरसंचार सेवेचा स्पष्ट उल्लेख आहे आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०२२ मध्ये या आयोगांचा अधिकार मान्य केला आहे. तुटलेल्या प्रत्येक कॉलसाठी भरपाई मिळण्याची आशा मात्र ठेवू नये. दर कॉलला एक रुपया देण्याचा ट्रायचा नियम याच न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केला होता.

कंपनी बदलण्याचा निर्णय तक्रारीपेक्षा अनेकदा लवकर फळ देतो, परंतु तो शेजाऱ्याच्या सांगण्यावरून घेऊ नये. २०२४ च्या सेवा-गुणवत्ता नियमांनुसार कंपन्यांना आपल्या सेवेचे नकाशे संकेतस्थळावर द्यावे लागतात. ते उघडून आपले गाव पाहावे, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या कंपनीचे सिम असलेल्या पाहुण्याचा फोन आपल्या बैठकीच्या खोलीत, स्वयंपाकघरात आणि बिछान्याशी ठेवून आकडा पाहावा. पसंत पडल्यास पोर्ट हा शब्द व क्रमांक लिहून १९०० वर एसएमएस पाठवावा. येणारा संकेतांक महाराष्ट्रात चार दिवस चालतो आणि त्याच परवाना क्षेत्रात बदल साधारणपणे तीन कामकाजी दिवसांत होतो. हरवलेल्या किंवा न चालणाऱ्या सिमच्या जागी नुकतेच नवे सिम घेतले असेल तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार सात दिवस हा संकेतांक मिळत नाही. प्रीपेड खात्यातली उरलेली रक्कम आणि वैधता नव्या कंपनीकडे जात नाही, आणि एकदा गेल्यावर तिथे किमान ९० दिवस काढावे लागतात.